डेटाशीट म्हणते ४५, घरी येतात ५८: नवा वूफर परत करायचा का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत. आकडे नीट वाचता यावेत म्हणून इथे देतोय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, पण आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. त्यामुळे बसमध्ये लटकत ऐकणाऱ्यांनी नंतर हा मजकूर एकदा नजरेखालून घाला.

आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. कर्वेनगरमध्ये रूम करून राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन-तीन महिने पैसे साठवून त्यानं तपकीर गल्लीतून साडेसहा इंची वूफरची जोडी आणली. डेटाशीटवरचे आकडे घेऊन दहा लिटरच्या बंद डब्याचं ड्रॉइंग केलं. भवानी पेठेतून प्लाय ठरवला, सुताराला रविवार सांगितला. आणि मग कुठेतरी वाचलं की डबा कापायच्या आधी ड्रायव्हर स्वतः मोजावा. मोजला, आणि झोप उडाली.

डेटाशीटवर एफएस ४५ हर्ट्झ, घरी आला ५८. क्यूटीएस ०.३८ हवा होता, आला ०.४९. व्हीएएस २० लिटर लिहिलाय, आला १२. हिशोब सोपा जावा म्हणून मी आकडे थोडे गोल केलेत. आता त्याचे प्रश्न तीन: दुकानदारानं फसवलं का? जोडी परत करू का? रविवारी प्लाय कापू की नको?

प्रश्न भारी आहे, कारण पहिल्या नजरेला कुणीही म्हणेल, फसवलं! एफएस जवळपास तीस टक्के जास्त, व्हीएएस चाळीस टक्के कमी. पण थांबा. हे तीन आकडे वेगवेगळे बघायचे नसतात. त्यांचं एकमेकांशी नातं असतं, आणि ते नातं जुळतंय का, ते बघायचं असतं. आजचा भाग तेवढ्यावरच आहे.

हे आकडे आले कुठून?

या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. नेव्हिल थील हे ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर. त्यांनी १९६१ मध्ये एक निबंध लिहिला. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठात त्यावर काम केलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सगळं नीट मांडलं. त्यांच्या कामामुळे ड्रायव्हरचे मोजके आकडे हातात असले, की तो कुठल्या डब्यात कसा वाजेल हे कागदावर काढता यायला लागलं. तोवर डबा बनवणं म्हणजे बऱ्याच अंशी करून बघा, ऐका, परत कापा, असा कारभार होता.

स्पीकरचा कोन म्हणजे झोपाळा समजा. कोनला वजन आहे, आणि त्याला मागे-पुढे धरून ठेवणारी स्प्रिंग आहे. स्प्रिंग म्हणजे कडेचं रबर, ज्याला सराउंड म्हणतात, आणि आतली पिवळसर, चुण्यांची चकती, म्हणजे स्पायडर. झोपाळा सोडून दिला की तो आपल्याच लयीत झुलतो, तसा कोनही आपल्याच एका फ्रिक्वेन्सीला झुलतो. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे एफएस. स्प्रिंग मऊ असेल किंवा वजन जास्त असेल तर एफएस खाली. स्प्रिंग कडक किंवा कोन हलका असेल तर वर.

व्हीएएस म्हणजे त्या स्प्रिंगइतकीच लवचिक असलेली हवा किती लिटर भरेल. स्प्रिंग मऊ तर व्हीएएस मोठा, कडक तर छोटा.

आणि क्यूटीएस म्हणजे ब्रेक. क्यूटीएस लहान म्हणजे ब्रेक जोरदार, मोठा म्हणजे ब्रेक ढिला. यात ब्रेक दोन आहेत. एक स्प्रिंगमधल्या घर्षणाचा, त्याचा आकडा क्यूएमएस. दुसरा मॅग्नेट आणि व्हॉइस कॉइलचा, त्याचा आकडा क्यूईएस. खरा जोर दुसऱ्यातच असतो.

हा दुसरा ब्रेक बघायला काहीही विकत आणायला नको. सुटा वूफर घ्या, कोनवर बोटानं हलकी टिचकी मारा. 'ठुम्म' असा जरा रेंगाळणारा आवाज येईल. आता दोन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्यानं एकमेकांना जोडा आणि परत टिचकी मारा. आता नुसतं 'ठप'. कॉइल मॅग्नेटमध्ये हलली की करंट तयार होतो आणि तो करंट कोनलाच थांबवतो. मॅग्नेट दमदार असेल तर हा फरक कानाला लगेच कळतो.

घरी मोजायचं कसं?

लॅपटॉप आणि यूएसबी साउंड कार्ड असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर सगळं काढून देतं. पण तुमच्यातले बरेच जण फक्त मोबाइलवाले आहेत, तर त्यावर करू.

लागणारं सामान: मोबाइलवर कुठलंही टोन जनरेटर ॲप, हेडफोन जॅक किंवा टाइप-सी डोंगल, १ किलोओहमचा एक रेझिस्टर, १० ओहमचा एक रेझिस्टर, चार क्रोकोडाइल क्लिप आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर मात्र बघून घ्या. सगळ्यात स्वस्त तो पिवळा मिळतो ना, त्यात एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते. आपल्याला मोजायचेत मिलिव्होल्ट. त्यामुळे एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. कॉलेजच्या लॅबमधला एका दुपारपुरता मिळाला तरी चालेल.

जोडणी अशी. मोबाइलच्या एका चॅनलमधून सिग्नल आला, तो १ किलोओहममधून गेला, तिथून स्पीकरच्या एका टर्मिनलला, आणि दुसऱ्या टर्मिनलवरून परत ग्राउंडला. मीटर स्पीकरच्या दोन टर्मिनलवर लावायचा. रेझिस्टर इतका मोठा आहे की करंट जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मीटरवर जे मिलिव्होल्ट दिसतात, ते सरळ स्पीकरच्या इम्पिडन्सच्या प्रमाणात असतात.

आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावा. समजा ५ मिलिव्होल्ट दिसले, तर दर ओहमला अर्धा मिलिव्होल्ट. झालं कॅलिब्रेशन. रीडिंग फारच बारीक येत असेल तर मध्ये छोटा ॲम्प्लिफायर घ्या. काही मीटर ४० हर्ट्झच्या खाली कमी दाखवतात, म्हणून याच रेझिस्टरवर ३०, ५० आणि १०० हर्ट्झला तोच आकडा येतोय का, तेही बघून घ्या.

आता पायऱ्या. पहिली, मीटर ओहमवर ठेवून कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे आरई मोजा. मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स त्यातून वजा करा. आपल्या उदाहरणात ५.६ ओहम.

दुसरी, २० हर्ट्झपासून हळूहळू वर या. मिलिव्होल्ट चढत जातील, एका जागी शिखर येईल, मग उतरतील. शिखराची फ्रिक्वेन्सी म्हणजे एफएस. इथे ५८ हर्ट्झ, आणि शिखरावर ४६ ओहम. या पद्धतीत मोठा आकडा तीन-चार टक्के कमी दिसतो, तेवढं गृहीत धरा.

तिसरी, ४६ भागिले ५.६, म्हणजे ८.२. याचं वर्गमूळ २.८७. ते ५.६ ने गुणलं की १६ ओहम. शिखराच्या दोन्ही बाजूंना १६ ओहम कुठे येतात ते शोधा. इथे ४१ आणि ८२ हर्ट्झ. एक पडताळा: ४१ गुणिले ८२ चं वर्गमूळ ५८ च्या आसपास यायला हवं. येतंय, म्हणजे मोजणी ठीक.

चौथी, ५८ गुणिले २.८७ भागिले ४१, म्हणजे क्यूएमएस साधारण ४. त्याला ८.२ ने भागलं की क्यूटीएस ०.४९. आणि क्यूएमएसला ८.२ वजा १, म्हणजे ७.२ ने भागलं की क्यूईएस ०.५६.

पाचवी पायरी कोनच्या वजनाची. १० ग्रॅम क्ले, मुलं खेळतात ती, दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून कोनच्या मधल्या टोपीभोवती गोल चिकटवा. रुपयाचं नाणं ठेवू नका. हल्लीची स्टीलची नाणी मॅग्नेटला ओढली जातात आणि सगळा हिशोब बिघडतो. आता एफएस परत बघा. तो ५८ वरून ४५ वर आला. ५८ भागिले ४५, त्याचा वर्ग १.६६, त्यातून १ वजा, राहिले ०.६६. दहा ग्रॅमला ०.६६ ने भागलं की हलणारं वजन, म्हणजे एमएमएस, साधारण १५ ग्रॅम. वजन आणि एफएस कळले की स्प्रिंग कळते, आणि त्यावरून कोनच्या क्षेत्रफळाच्या मदतीनं व्हीएएस निघतो.

मोजताना चार पथ्यं पाळा. पंखा बंद करा, कारण वाऱ्यानं कोन हलतो. ड्रायव्हर टेबलावर पालथा घालू नका, स्टुलाला घट्ट धरून उभा ठेवा. मोबाइलचं ईक्यू आणि नोटिफिकेशन बंद करा. आणि सोल्डर करू नका, स्क्रू लावू नका, फक्त क्लिपा. परत करायची वेळ आलीच तर ड्रायव्हर कोरा राहायला हवा.

आता नातं बघू

दोन छोटे हिशोब करा. पहिला, एफएस भागिले क्यूटीएस. डेटाशीटवर ४५ भागिले ०.३८, उत्तर ११८. घरी ५८ भागिले ०.४९, उत्तर परत ११८.

दुसरा, एफएसचा वर्ग गुणिले व्हीएएस. डेटाशीटवर ४५ चा वर्ग गुणिले २०, म्हणजे ४०,५००. घरी ५८ चा वर्ग गुणिले १२, म्हणजे ४०,४०० च्या आत-बाहेर.

बघितलंत? तिन्ही आकडे सुटे सुटे चुकलेले दिसतात, पण दोन्ही नाती तंतोतंत जुळतात. याचा अर्थ कोनचं वजन तेच आहे, मॅग्नेटचा जोर तोच आहे. बदलली आहे ती फक्त स्प्रिंग. ती डेटाशीटपेक्षा कडक आहे. स्प्रिंग कडक झाली की एफएस वर जातो, क्यूटीएस त्याच प्रमाणात वर जातो आणि व्हीएएस खाली येतो. तिघं एकाच दोरीला बांधलेले आहेत.

स्प्रिंग कडक का? एक तर ड्रायव्हर नवा आहे. स्पायडरचं कापड रेझिनमध्ये बुडवून ताठ केलेलं असतं, थोडं वाजल्यावर ते मोकळं होतं. व्यावसायिक ड्रायव्हरच्या कित्येक डेटाशीटवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं, की हे आकडे ड्रायव्हर आधी काही काळ जोरात चालवून मग घेतलेत. दुसरं, आपण अगदी बारीक सिग्नलवर मोजतो, आणि इतक्या कमी हालचालीला स्प्रिंग जास्त कडक वाटते. तिसरं, थंडी. डिसेंबरच्या पहाटे रबर आखडलेलं असतं. उन्हाळ्यात उलट कॉइलच्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणून मोजताना तापमान लिहून ठेवा.

आणि एक खास पुण्याचं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहोत. इथे हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी असतो, म्हणजे हवा तेवढी जास्त लवचिक. त्यामुळे मुंबईत २० लिटर व्हीएएस असलेला तोच ड्रायव्हर खडकवासल्याच्या वाऱ्यात पावणेएकोणीस लिटर दाखवेल. कुणी काही बदललं नाही, फक्त घाट चढून आला!

ड्रायव्हर रुळवायचा असेल तर मोकळ्यावर, २५-३० हर्ट्झला, कोन व्यवस्थित हलेल पण आत आपटणार नाही एवढ्या आवाजावर काही तास चालवा. जोडी असेल तर दोघांची तोंडं एकमेकांसमोर ठेवा आणि एकाची वायर उलटी करा. एक पुढे जाताना दुसरा मागे जातो, आवाज बराच खाल्ला जातो आणि शेजारच्या काकू दार वाजवत नाहीत. आपल्या उदाहरणात त्यानंतर एफएस ५२, क्यूटीएस ०.४४, व्हीएएस १५ झाला असं धरू. ५२ भागिले ०.४४ परत ११८. दोरी तीच.

डब्याचं काय?

बंद डब्यातली हवा स्वतःच एक स्प्रिंग असते, आणि छोट्या डब्यात तीच वरचढ ठरते. सूत्र असं: व्हीएएस भागिले डब्याचे लिटर, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्यानं एफएसला गुणलं की डब्यातली फ्रिक्वेन्सी, आणि क्यूटीएसला गुणलं की डब्यातला क्यू.

दहा लिटरसाठी डेटाशीटच्या आकड्यांनी ७८ हर्ट्झ आणि ०.६६ येतात. कोऱ्या ड्रायव्हरचे ८६ आणि ०.७३. रुळलेल्याचे ८२ आणि ०.७०. या तिन्हींचे आलेख काढले तर ५० हर्ट्झवर डेटाशीट आणि कोरा ड्रायव्हर यांच्यात एक डेसिबलपेक्षा कमी फरक राहतो, आणि ८० हर्ट्झला तर जवळजवळ काहीच नाही. तीस टक्के फरकानं सुरू झालेली गोष्ट डब्यात शिरल्यावर एवढीशी उरते. खोलीत खुर्ची अर्धा फूट सरकवली तरी बेसमध्ये याहून जास्त फरक पडू शकतो.

पोर्टवाला डबा असेल तर जरा जपून. रुळवल्यानंतरचे, स्वतः मोजलेले आकडे वापरा आणि पोर्टची नळी थोडी लांबच ठेवा. नळी कापता येते, वाढवणं कटकटीचं.

मग परत कधी करायचा?

आता उलटं उदाहरण घ्या. समजा ड्रायव्हर मोजला आणि एफएस आला बरोब्बर ४५. व्हीएएस २०. आपण खूश. पण क्यूटीएस आला ०.६०. एफएस भागिले क्यूटीएस केलं तर ७५. कुठे ११८, कुठे ७५? दोरी तुटली.

इथे स्प्रिंग बरोबर आहे, वजन बरोबर आहे, पण ब्रेक ढिला आहे. म्हणजे मोटर कमजोर. मॅग्नेट छोटा, किंवा कॉइलभोवतीची फट जास्त. मोटरच्या जोराला बीएल म्हणतात. तो काढायला ६.२८, एफएस, किलोग्रॅममधला एमएमएस आणि आरई यांचा गुणाकार करा, क्यूईएसनं भागा आणि वर्गमूळ घ्या. आपल्या श्रोत्याच्या ड्रायव्हरचा येतो ७.४, आणि डेटाशीटच्या आकड्यांवरून ७.६. ठीकच आहे. या दुसऱ्या ड्रायव्हरचा येईल ५.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वॅटला आवाज सव्वादोन डेसिबल कमी, आणि दहा लिटरच्या डब्यात क्यू एकच्या वर. तबल्याचा बायाँ आणि बेस गिटार दोन्ही एकाच सुरात घुमायला लागतील. हा कितीही रुळवला तरी सुधारणार नाही, कारण रुळते ती स्प्रिंग, मॅग्नेट नाही.

दुसरी खूण म्हणजे वजन. एफएसचा वर्ग गुणिले व्हीएएस खूपच वेगळा आला तर कोन वेगळा आहे. रिकोन केलेले, म्हणजे कॉइल आणि कोन बदललेले ड्रायव्हर बाजारात असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ते नवे म्हणून विकलेले नसावेत. तिसरी खूण आरई. कॉइलच वेगळी असेल तर तो लगेच सांगतो. आणि चौथी, जोडीतले दोघं एकमेकांशी जुळतात का? स्टिरिओसाठी हे डेटाशीटशी जुळण्यापेक्षाही महत्त्वाचं.

दुकानात जाल तेव्हा "एफएस जुळत नाही" एवढंच म्हणू नका. समोरचा म्हणेल, "वाजवून बघा साहेब, मोकळा होईल," आणि स्प्रिंगच्या बाबतीत त्याचं खरंही असेल. एका कागदावर दोन्ही ड्रायव्हरचे आरई, एफएस, क्यूटीएस, एमएमएस, बीएल, तारीख आणि तापमान लिहून न्या. मग बोलणं मॅग्नेटवर येतं, आणि त्याला "मोकळा होईल" हे उत्तर चालत नाही.

पुण्याला हे नवीन नाही. विसर्जन मिरवणुकीत आवाज किती होता यावर दरवर्षी वाद होतो, आणि सीओईपीचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर मीटर घेऊन डेसिबल मोजतात. वाद संपत नाही, पण तो आकड्यावर होतो. बिचाऱ्या पीएमपीओ वॅटच्या बाबतीत तेही जमत नाही, कारण ते मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. थील-स्मॉलचे आकडे तसे नाहीत. एका रेझिस्टरवर आणि दहा ग्रॅम क्लेवर कुणीही ते तपासू शकतं.

तर कर्वेनगरच्या मित्रा, तुझी दोन्ही नाती जुळतायत. जोडी ठेव, रुळव, दुसरा ड्रायव्हरही असाच मोज. तोही जुळला तर रविवारी दहा लिटरचाच डबा कापायला सांग. ड्रॉइंग बदलायची गरज नाही.

आणि बाकीच्यांनी, कपाटावर एखादा जुना स्पीकर पडला असेल ना, तो काढा. टिचकीचा प्रयोग आजच करा, मग मीटर मिळवा. एफएस आणि क्यूटीएस किती आला, तो भागाकार किती आला, आणि तुमचं गाव किती उंचावर आहे, तेही कळवा. महाबळेश्वरवाल्यांची विशेष वाट बघतोय. भेटूया पुढच्या भागात!